यांच्या नावाचं कुंड

दसऱ्याचा दुसरा दिवस

सगळ्यात पयले आला तो पोराचा मामा, शेषराव. मामाच्याही आधी दारात आले त्याचे बूट. कापडाचे, पांढरेफक, खाली रबर. मले वाटलं पायाले लागलं म्हणून फडकं बांधून आला बिचारा. विचारलंही, "जखम मोठी आहे काय जी?" तर म्हणते, "हे कॅनव्हासचे बूट आहेत, आजी. डोंगरात चालायला बरे पडतात." वलगावात डोंगर कोठी आहे? एक उकिरडा आहे पाटलाच्या गोठ्यामागं, त्यावर चढायचं असल तर चढा म्हणा. अन् बोलणं कसं, तर मला-तुला, जसा पुण्याले जलमला. जलमला अकोल्यात. बापानं हयातभर डोक्यावर सांभार-मेथीच्या भाजीची पाटी वाहली, ते का आमाले माहीत नाही?

त्याच्यामागं टांग्यातून उतरली पोराची माय, माणिकबाई. एका हातात छत्री. आभाळ लख्ख, उन्हं उतरलेली, छत्री कायले? दुसऱ्या हातात एक नळकांडं, त्यात म्हणे चहा दिवसभर गरम राहते. दुसऱ्याच्या घरी जाताना चहा आपल्या घरून न्यायचा, ही कोणती रीत? आमच्या घरी का चूल नाही? मालक जाऊन बरीच वर्षं झाली म्हणे, पण बाई ताठ. बोलते आपल्यासारखंच, तेवढं एक बरं.

सगळ्यात शेवटी पोरगा, देवीदास. डोळ्यावर चष्मा. अकोल्याले सरकारी बागेत नोकरी आहे, झाडाचे रोग पाहते म्हणे. आता झाडाले रोग झाला तर माळ्याले दिसत नाही का? त्यासाठी नोकर ठेवून राहिलं सरकार. ह्या पोराले मी कोठीतरी पाह्यलं असं वाटून राहिलं होतं, पण मले चष्मेवाले पोट्टे सगळे सारखेच दिसतात. आमचं कुत्रं त्याच्यावर भुंकलं नाही. पोस्टमनवर भुंकते, मतं मागायले येतात त्याइच्यावर भुंकते, अन् ह्याच्यापाशी शेपूट हलवत गेलं. असं निकामी कुत्रं मी तरी पाह्यलं नाही.

हे लोक माह्या नातीले, आमच्या शकुनीले, पहायले येणार होते, म्हणून शकुनीले आमी दुपारपासूनच माजघरात पाटावर बसवून ठेवलं होतं. हिरवं लुगडं, पुढं सुपारीचं तबक, बाजूले पाण्याचा तांब्या, म्हणजे कोणाले काही द्यायसाठी उठायचं काम नाही. पाहुणे यायच्या आधी बसवायचं अन् पाहुणे गेल्यावर उठवायचं, ही आमच्या घरची रीत पडली आहे. कावून पडली ते उद्या लिहीन, आता हात दुखून राहिला.

एवढं मात्र आजच लिहिते. माणिकबाई आत आली, शकुनीजवळ बसली, तिच्या पायाकडं जराकशी पाहून म्हणते, "लय वेळची बसली असशील न व?" अन् मंग खुशालकडं, म्हणजे माह्या लेकाकडं वळून म्हणते, "पोरगी आमाले अशी नाही पहायची, भाऊ. परवा चिखलदऱ्याले जाऊ. मी मोटार सांगून ठेवली आहे. पाण्याच्या धारा पाहू, फिरू, पोरगा-पोरगी दोन शब्द बोलतीन."

मामा लगेच सुरू झाला. साहेबलोकांनी तिथं वाट केली आहे, बायका-मुलांना आरामात चालता येते, मधून मधून बाकं ठेवली आहेत, पाट्या लावल्या आहेत. मी म्हटलं, पाणी वरून खाली पडते, त्यात पाहाचं काय? आमच्या मोटेतून रोज पडते, अन् ते वांग्याले तरी लागते. तर म्हणते, "ते सृष्टीसौंदर्य असतं, आजी." असल बापा.

पोरगा तर शकुनीकडं नीट पाहेही नाही. चहा घेतला अन् सरळ मागच्या दारानं बागेत गेला, विहिरीकडं. विहीर मागं आहे हे त्याले कोणी सांगतलं नव्हतं. कोपऱ्यातल्या संत्र्याच्या झाडावर हात फिरवून यांना, म्हणजे शकुनीच्या आजोबाले, म्हणते, "याचा डिंक थांबला वाटते." हे उगीच दाढी खाजवून हासले. आता त्या झाडाले डिंक आला होता हे त्याले कसं कळलं? शिकलेले लोक अंदाजाचे गोटे मारतात, एखादा लागते.

दुसऱ्या दिवशी

कालचं लिहलेलं शकुनीकडून वाचून घेणार होती, मंग नाही घेतलं. अक्षरं तिनंच शिकवली मले, पण म्हणून सगळंच तिनं वाचाव असं थोडीच आहे.

तर पायाचं. शकुन लहान होती तेव्हा मोटेच्या धावेवर खेळता खेळता बैलाच्या पायाखाली आली. हाड जुळलं, पण डावा पाय जरासा आखूड राह्यला. चालली की डावा खांदा खाली जाते, जशी बाई काखेत भरली घागर घेऊन चालते. घागर तेवढी नाही. बाकी पोरगी कशी, तर उजेड आहे उजेड. माह्या नातीवाणी नात ह्या तालुक्यात नाही, हे मी लेखी देतो म्हणतात तसं लेखीच देऊन राहिली.

पण लोक डोळ्यानं पाहतात, त्याइले उजेड कोठी दिसते. धामणगावचे आले होते. पोहे खाल्ले, दुसऱ्यांदा मागून खाल्ले, पोरगी पसंत आहे असं अर्धं तोंडातून निघालं होतं, तेवढ्यात ही पाणी आणाले उठली. "कळवतो" म्हणून गेले. त्यानंतर आमी पाट अन् तांब्याची रीत लावली. अंजनगावचे आले तेव्हा सगळं जमत आलं होतं, खुशालनं नारळ हातात घेतला होता. अन् ही आपली आपणच पाटावरून उठली, सगळ्याइच्या मधातून दारापर्यंत चालत गेली, परत आली अन् बसली. विचारलं तर म्हणे, पायाले मुंग्या आल्या होत्या. कशी अवदसा आठवली पोरीले. तेही "कळवतो" म्हणून गेले. खुशाल त्या हंगामात कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाटीवाणी झाला होता. एकोणीस संपलं तिले. तिच्या संगातल्या पोरी कडेवर एक अन् बोटाले एक घेऊन माहेरी येतात.

आता हे अकोलेवाले तिले डोंगरात चालवाले निघाले. खुशाल सकाळी म्हणाला, "आई, चालली की दिसलंच. त्यापेक्षा नाही म्हणून कळवून देतो."

तर चुलीपाशी बसलेली शकुन तिथूनच म्हणते, "नाही म्हणू नका, बाबा."

मले पोरीची दया आली. मोटारीत बसाची हौस असते ह्या वयात. मीही अजून बसली नाही म्हणा.

म्हणून मी युक्ती काढली. मांगं बहिरमच्या जत्रेहून आमी बैलाच्या दमणीनं वर चिखलदऱ्याले गेलो होतो. तिथं एक कुंड आहे, वरून मोठी धार पडते, अन् गाडी पार कडेपर्यंत जाते. उतरायचं, चार पावलं टाकायची, दगडावर बसायचं, पाहायचं, झालं. त्या चार पावलांत मी शकुनीचा हात धरीन, म्हाताऱ्या आजीले धरून चालते म्हणून हळू चालते असं दिसल. तेवढ्या कुंडावर मोटार नेली की काम फत्ते.

त्या कुंडाचं नाव मी लिहून नाही राहिली, कावून का त्यात यांचं नाव येते. पाच पांडवांतला दुसरा, गदावाला, तेच यांचं नाव. लग्न झाल्यापासून तोंडानं घेतलं नाही, तर आता हातानं कशी घेऊ. माह्या सुनेले, वच्छलेलेही, सासऱ्याचं नाव घेता येत नाही. खुशाल घेऊ शकते, पण मोटारीत त्याले जागा नाही अन् त्याले वांग्याची गाडी अमरावतीले न्यायची आहे. यांना म्हटलं, तुमी चला. तर हे म्हणतात, "माह्याच नावाचं पाणी पाहाले मी कायले जाऊ? त्या कुंडाले सांगजो, मालक घरी आहेत."

असा हा माणूस. चाळीस वर्षं झाली, एक गोष्ट सरळ बोलला असल तर शपथ.

संध्याकाळी शकुन ओट्यावर बसून चपलांना तेल लावत होती. मी म्हटलं, मोटारीत बसाले चपलांना तेल कायले लागते व? हासली नुसती.

चिखलदऱ्याहून आल्यावर

काल लिहणार होती, पण मांड्या अशा धरल्या की पाटावर बसता येत नव्हतं. आज भिंतीले टेकून लिहते.

सकाळी मोटार आली. पुढं मोटारवाला नत्थुजी अन् मामा. मधात माणिकबाई, मी अन् वच्छला. मांगं शकुन अन् तो पोरगा, मधात शिदोरीची पाटी. मी म्हटलं मीच मांगं बसते, तर माणिकबाई म्हणते, "मांगं गचके लय बसतात, आजी, तुमचं वय आहे." वय काढलं म्हणून मी मांगं जायचा हट्ट सोडला, पण ध्यानात ठेवलं.

परतवाड्याले मोटार थांबली. मामा पान खायले उतरला, माणिकबाई नळातलं पाणी भरून घ्यायले गेली, देवीदास तिच्यासोबत. मी म्हटलं हीच वेळ आहे. नत्थुजी पुढून मोटारीचा दांडा फिरवत होता, मोटार घर्रर करून बंद पडे, हा पुन्हा फिरवे. मी जवळ जाऊन म्हटलं, "भाऊ, त्या कुंडावर न्या, जथी गाडी कडेपर्यंत जाते."

"कोणतं कुंड, बाई?"

"ते... आमच्या घरच्याइचं."

"तुमचं घर आहे वरती?"

"घर नाही जी. ते पाच भाऊ नव्हते का, त्यातल्या एकाचं. जाडा होता तो. जेवे लय."

मोटार घर्रर झाली. नत्थुजी घाम पुसून म्हणते, "पाच ना? पाच समजलं, बाई. तुमी बसा." मी वच्छलेकडं पाह्यलं, वच्छलेनं मान हालवली. मले वाटलं, शिकला नसला तरी माणूस चतुर आहे, खूण बरोबर ओळखली.

घाट चढताना मामानं सगळ्या झाडाइचे नावं सांगतली, त्यातली अर्धी चुकली. माणिकबाईनं बिस्किटं काढली. ओल्या चुन्याचा वास येते त्याले. मी एक हातात धरून बसली अन् वळणावर बाहेर टाकली. वर हवा थंड होती हे खरं आहे. पण थंड हवा आमच्या इथंही पौषात येते, घरपोच येते, मोटार लागत नाही.

मंग मोटार थांबली. मी पाहते तर कुंड नाही, पाणी नाही. झाडाइच्या मधातून एक पायवाट गेलेली, तिच्या तोंडाशी पाटी, अन् दूर कोठीतरी पाण्याचा आवाज.

"हे कोणतं?" मी विचारलं.

"पाचबोल," नत्थुजी म्हणते. "तुमीच त सांगतलं, पाच. इथून पायी जायचं. चांगली वाट आहे, लेकरंही जातात."

"हे नाही, भाऊ. ते कुंड."

"कुंडं इथं ढीगभर आहेत, बाई. नाव सांगा, लगेच नेतो."

मी वच्छलेकडं पाह्यलं, वच्छलेनं माह्याकडं. दोघीइनंही पदर तोंडाशी नेला. नत्थुजी आमच्याकडं असा पाहे, जशा आमी दोघी मुक्या आहो. मंग मले शकुन दिसली. मी हळूच म्हटलं, "तू सांग व माय. तुले चालते घेतलेलं."

शकुन म्हणते, "आजोबाचं नाव मी कशी घेऊ, आजी?" अन् मोटारीतून उतरली. सगळ्यात आधी उतरली.

इतकी मर्यादेची पोरगी. मले तेव्हा राग आला, पण आज वाटून राहिलं, संस्कार दिले ते वाया नाही गेले. एरवी पंगत बसली की बांधावरून यांच्या नावानं राव लावून अशी हाक मारते की नदीपल्याडचे लोक जेवाले उठतात. पण परक्याइच्या पुढं बरोबर दाबून धरली जीभ.

मामा तर काठी फिरवत पुढं निघूनही गेला होता.

त्याच दिवसाचं, राहिलेलं

वच्छला मधात दळणाले बोलवाले आली म्हणून सोडलं होतं. दळण झालं.

तर ती साहेबाची वाट. साफ आहे, खडे वेचलेले, जथी चढ आहे तथी दगडाच्या पायऱ्या. दोन्हीकडून कॉफीची झुडपं, मामा म्हणे सरकारी लोकांनी लावली. त्या कॉफीच्या बिया मी चावून पाह्यल्या. चहाच बरा. जरा चाललं की बाक, जरा चाललं की बाक. चालायले यायचं अन् बसायले बाक ठेवायचे, मंग घरीच बसा ना. साहेबाच्या अकलेचं मले नेहमीच नवल वाटते.

मी शकुनीचा हात धरायले गेली. तिनं माहा हात घेऊन वच्छलेच्या हातात दिला. "आई, आजीले सांभाळ," म्हणे, अन् निघाली पुढं. घागर काखेत घेतल्यावाणी, डावा खांदा खाली, वर, खाली, वर. मी डोळे मिटून घेतले. डोळे मिटून पायऱ्या चढता येत नाहीत म्हणून उघडले.

आता त्या पोराचं सांगते. तरणाताठा पोरगा, सरकारी नोकर, अन् पहिल्याच बाकापाशी म्हणते, "जरा बसू. दम लागला." दुसऱ्या बाकापाशी पुन्हा "बसू". मी वच्छलेले म्हटलं, हा काय संसार करल, ह्याच्या छातीत काहीतरी दोष आहे, अन् हे लोक आमचा पाय पाहाले आले. तिसऱ्या बाकापाशी हा पुन्हा टेकला, तर शकुन थांबलीच नाही. म्हणते, "तुमी बसा. तुमाले खरंच दम लागला असल तर." अन् गेली पुढं. हा लाजून लाल झाला, उठला अन् तिच्या मागं गेला. पुढं बाक दिसला तरी बसला नाही. दोघं काय बोलत होते ते ऐकू आलं नाही, पण हा एकदा हासला अन् हिनं त्याच्या चष्म्याकडं बोट दाखवून काहीतरी म्हटलं. परक्या माणसाशी असं पयल्याच दिवशी. माणिकबाईनं पाह्यलं असल म्हणून मी खोकली, पण माणिकबाई माह्यामागं छत्री टेकत येत होती, तिचंच पाऊल जड.

वाट संपते तथी एकदम दरी. समोर डोंगर, एकामागं एक उभे, अन् एका अंगानं पाण्याची धार खाली जाते. पावसाळ्यात मोठी असते म्हणे, आता उतरली होती. मी म्हटलं ना, पाणी खाली पडते. पडतच होतं. पण खोटं कायले लिहू, मी त्या पाण्याकडं पाहत तिथंच एका दगडावर बसून राह्यली. पाय दुखले असतीन.

मामानं सांगतलं, इथं हाक मारली की पाच वेळा परत येते, म्हणून पाचबोल. अन् दोन्ही हात तोंडाशी धरून "ओ" केलं. डोंगर ओ ओ ओ करून राहिले. मामाले इतका आनंद झाला, जसा डोंगरानं त्याले मामा म्हटलं.

तेवढ्यात मी पाह्यलं, शकुन अन् देवीदास कडेच्या दगडावर जाऊन उभे. खाली दरी. माहा जीव गेला. मी ओरडली, "शकुने, कडेले जाऊ नको व."

मेल्या डोंगरानं तेच घेतलं. नको व, नको व, नको व. सारी दरी माह्या आवाजात ओरडून राहिली. मामा वळला, वच्छला वळली, माणिकबाई छत्रीवर हात ठेवून पाहाले लागली. बाजूले कोणी साहेबाचे नोकर होते, तेही. अन् शकुन त्या दगडावरून परत निघाली. मधात एक झुडूप नाही, एक माणूस नाही. उघड्या खडकावरून, डुलत, खांदा खाली, वर, अन् सगळे पाहून राहिले. मी जन्मभर जे झाकलं ते मीच ओरडून दाखवलं. डोंगर अजून नको नको म्हणून राहिला होता.

तिनं पाऊल लपवलं नाही. हळूही केलं नाही. माह्याजवळ आली अन् म्हणते, "पडली नाही मी, आजी. पाह्यलं ना?"

माणिकबाई म्हणते, "पोरगी चांगली चालते."

हा टोमणा मले सहन झाला नाही. मी म्हटलं, "पाय आहे तसा आहे, बाई. तुमच्या पोराचा चष्मा आमी का काढून पाह्यला? चष्म्याविना ह्याले बायको कोणती अन् बोरीचं झाड कोणतं, ते तरी कळते का? अन् तीन बाकावर तीनदा बसते. आमची पोरगी नाही बसली."

वच्छला माहा पदर ओढून राहिली होती. मी म्हटलं, ओढू नको, फाटल.

माणिकबाई हासली. खाली बसली अन् हासली. मंग डोळे पुसून म्हणते, "आमाले माहीत होतं, आजी. आधीपासून."

"कोणी सांगतलं?"

ती नुसती पोराकडं पाहे, पोरगा दरीकडं पाहे, शकुन चपलेतला खडा काढत बसली. कोणीच सांगत नाही म्हटल्यावर मले कळलंच. रुख्मिणी. आमची शेजारीण रुख्मिणी, तिचं माहेर अकोल्याचं. आजपासून तिचं ताक बंद.

मंग दशम्या अन् वांग्याची भाजी खाल्ली. मामानं कापडाच्या बुटावर भाजीचा रस सांडला. तेवढं एक चांगलं झालं. जाताना म्हणाले, "कळवतो."

कोजागिरी

दूध आटवलं. शेजारच्या पोरी भुलाबाईची गाणी म्हणाले आल्या, आजचा शेवटचा दिवस. शकुनीनं सगळ्याइले खिरापत ओळखाले लावली, कोणाले ओळखता आली नाही. रुख्मिणी वाटी घेऊन ताक मागाले आली. मी म्हटलं, मांजरानं सांडवलं. ती म्हणते, "काय झालं, मावशी, मी काय केलं?" इतकं निष्पाप तोंड मी आजवर पाह्यलं नाही. पक्की आहे.

अकोल्याहून काही नाही. नसू द्या.

आश्विन वद्य, तिथी विचारली नाही

काही नाही. खुशाल रोज अमरावतीहून येते, मी त्याच्या तोंडाकडं पाहत नाही, वांग्याच्या रिकाम्या पाट्या मोजल्यासारखं करते. तो म्हणते, "काही नाही, आई." मी म्हणते, मी का विचारलं?

कापडाच्या बुटाचे लोक. चहा नळकांड्यात घेऊन फिरणारे. अशा घरात पोरगी गेली नाही तर दिवाच लावाव. मी यांना तसं म्हटलं तर हे म्हणतात, "मंग ते पितळेचे डबे सकाळपासून कायले घासून राहिली?" दिवाळी आहे म्हणून घासते. दिवाळी का ह्यावर्षी येणार नाही?

शकुनीले मी म्हटलं, तू मनाले लावून घेऊ नको, तुले मोटारीत बसाले भेटलं, तेवढं पुष्कळ. ती म्हणते, "हाव, आजी, तेवढं पुष्कळ." अन् गाणं म्हणत विहिरीवर गेली. पोरीले दुःख लपवता येते, माह्यावर गेली आहे. कोपऱ्यातल्या संत्र्याच्या बुडाशी बसून कायनुकाय चोळत होती. मी म्हटलं, काय आहे ते? म्हणे, औषध आहे, महिन्यातून एकदा लावाचं असते. हे कोणी शिकवलं म्हटलं तर म्हणे, "श्रावणात सरकारी माणूस आला होता ना." आला असल. मी तेव्हा माहेरी होती दोन दिवस, की आली तेव्हा तो निघून राहिला होता, आठवत नाही. टोपी घातलेला कोणीतरी होता.

भाऊबीजेचा दुसरा दिवस

आले. पयले मामाच. बूट धुतले होते, डाग गेला नाही. त्याच्यामागं माणिकबाई. पोरगा नाही आला, त्याले रजा नाही. कुत्रं मात्र रस्त्यापर्यंत जाऊन पाहून आलं.

मी म्हटलं, "कळवतो म्हणून गेले होते. आमी काही वाट पाहून राहिलो नव्हतो." माणिकबाई म्हणते, "दिसते. अंगणात मोराची रांगोळी कोणासाठी काढली, आजी?" ती रांगोळी मी सकाळी सहज काढली होती. हाताले काम नव्हतं.

पाणी झालं, फराळ झाला. करंजी मामानं दोनदा मागून घेतली, म्हणजे माणूस तसा अगदीच वाया गेलेला नाही. खुशाल दाराशी खांबाले धरून उभा. माणिकबाईनं इकडचं तिकडचं बोलता बोलता मधातच म्हटलं, "पोरगी आमाले पसंत आहे, भाऊ. पोराले त... जाऊ द्या. साक्षगंधाचा दिवस धरू." खुशाल खांब सोडून बाहेर गेला अन् बैलापाशी जाऊन उभा राह्यला. बैल मांगं वळून त्याच्याकडं पाहत होता. वच्छला स्वैपाकघरात भांडं सोडून बसली, त्यातलं दूध उतू गेलं.

मीच शुद्धीवर होती. मी म्हटलं, देणंघेणं काय, पंगत कोणाची. माणिकबाई म्हणते, "देणंघेणं काही नाही. एक गोष्ट पाहिजे आमाले."

मी म्हटलं आलं. आता आलं खरं.

ती म्हणते, "साक्षगंधाच्या दिवशी पोरीले आधी पाटावर बसवून ठेवू नका. आमचे चारचौघे येतीन, अकोल्याचे, मूर्तिजापूरचे, पोराचे काकाही येतीन. ते सगळे आधी बसतीन. मंग पोरगी बाहेरच्या दारातून आत येईल, सगळ्याइच्या मधातून. आमच्या सुनेले आमचे लोक चालताना पाहतीन. ज्याले बोलायचं ते त्याच दिवशी बोलल, माह्यापुढं बोलल. मंग जन्मभर कोणी बोलायचं नाही."

नवी तऱ्हा. पाहुणे बसलेले अन् पोरगी दारातून येते, जशी कचेरीत साक्षीले आली. आमच्या सात पिढ्यांत कोणी असं केलं नाही. अन् बाईची नजर पाहा, त्या दिवशी पाट-तांब्या सगळा हिशोब एका दमात ओळखला तिनं. अशा सासूच्या हाताखाली माह्या पोरीचं कठीण आहे. मी शकुनीले म्हटलं, विचार कर व, ही बाई डोक्यानं भारी आहे. शकुन म्हणते, "मले आवडली, आजी." पोरीले माणसं ओळखता येत नाहीत, हीच एक खोट आहे तिच्यात.

मी तरी म्हटलं, बाहेरच्या दारापासून पाटापर्यंत दूर पडल, मधलं दार उघडू. शकुन माजघरातून म्हणते, "बाहेरचंच दार." आता हिले कोण सांगल.

रुख्मिणी पाहुण्याइले पाहाले आली होती. माणिकबाईनं तिले ओळखलंही नाही. उगीच ढोंग. तरी तिले करंज्या दिल्या चार, सण आहे. ताकाचं पुढं पाहू.

जाताना मामा पाया पडला. म्हणते, "येतो, आजी. लग्नानंतर सगळे मिळून पुन्हा वर जाऊ, या वेळी ते कुंड पाहू, राहून गेलं." मी म्हटलं, तुमाले ठावं होतं ते? तर म्हणते, "बहिणीनं नत्थुजीला आधीच पाचबोल सांगितलं होतं. आपण सांगितलं काय न सांगितलं काय." म्हणजे मी परतवाड्याले त्या घर्ररमध्ये घसा फोडला तो फुकट. नत्थुजीनं भाडं दोघीइचं ऐकल्याचं घेतलं असल.

अमरावतीच्या टेसनावरून दोन बैलगाड्या अन् एक मोटार भरून लोक येणार म्हणे. इतके जेवतीन काय अन् बसतीन कोठी. यांना म्हटलं, ओसरीचा तुळशीकडचा कोपरा सारवून घ्या, उद्यापासूनच. हे म्हणतात, "आत्तापासून?" मी म्हटलं, कापडाच्या बुटाचे लोक आहेत, माती लागली की चार गावाले सांगतीन.

कार्तिक पुनवेच्या दुसऱ्या दिवशी येतो म्हणाले, दुपारच्या गाडीनं.